न वापरलेले बूट

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्यंतरी ठाण्याहून भाचीचा फोन आला. तिचा मुलगा शिकायला इन्सब्रुकला गेलाय. तिथल्या मित्रांच्या नादानं तो स्नोबोर्ड शिकला, आणि आता त्याला त्यातला कडक बुटांचा प्रकार करायचाय. "मावशी, तुझा नातू हेच करतो ना गं? याला कुणाकडून तरी जुने बूट अगदी स्वस्तात मिळतायत. जवळजवळ नवेच आहेत म्हणे. घेऊ दे का?"

मी "नको" म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की तिला बहुधा रागच आला. म्हणून हे सविस्तर लिहितेय. तिनं वाचावं, आणि ज्यांची मुलं-नातवंडं त्या थंड देशांत आहेत त्यांनीही वाचावं. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईनं या वयात बर्फावरच्या बुटांवर लिहायचं म्हणजे विनोदच आहे. खुशाल हसा :) पण वाचा.

आधी थोडी ओळख. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून जाणं. आपण चित्रांत बघतो ती बहुतेक मुलं मऊ बूट घालतात, उड्या मारतात, गिरक्या घेतात. कडक बूटवाल्यांची जात वेगळी. त्यांची फळी अरुंद आणि ताठ, बूट स्कीच्या बुटांसारखे प्लॅस्टिकच्या कवचाचे, आणि पाय फळीवर आडवे नाहीत, जवळजवळ पुढच्या दिशेला वळलेले. ही मंडळी उड्या मारत नाहीत. फळीची पोलादी कड बर्फात रुतवून, अंग जमिनीला टेकेल इतकं कलून वळणं घेतात. मागे बर्फावर पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक रेघ उरते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वळणदार मोडी लिहिणारे आमचे आजोबा आठवले.

ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड आला तो १९९८ साली, जपानमध्ये नागानोला, आणि तेव्हापासून या शर्यती तिथे आहेत. २०१८ साली एस्टर लेडेत्स्का या चेक मुलीनं एकाच ऑलिंपिकमध्ये स्कीचं आणि या फळीचं, दोन्हींचं सुवर्णपदक घेतलं, तेव्हा आमच्या नातवानं घरात नुसता धिंगाणा घातला होता. पण शर्यती सोडल्या तर हा खेळ करणारे फार थोडे. मोठ्या कंपन्यांनी यातून केव्हाच अंग काढून घेतलं, आता काही छोटे कारागीर-कारखाने उरलेत. साध्या दुकानात हे सामान भाड्यानंही मिळत नाही. त्यामुळे होतं काय, की पंचवीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं सामान या हातातून त्या हातात फिरत राहतं. गोष्ट इथेच सुरू होते.

माझी लेक आणि जावई म्युनिकला असतात. २०२३ च्या डिसेंबरात मी तिकडे होते. नातू तेव्हा सतरा वर्षांचा. मित्राकडून उसनी घेऊन फळी दोनदा चालवली होती, आता स्वतःची हवी होती. नव्या बुटांची किंमत पाचशे युरोच्या पुढे. मग त्यानं एक जाहिरात शोधली. एका गृहस्थांचे बूट, फक्त दोन दिवस वापरलेले, नंतर तळघरात डब्यात ठेवलेले. किंमत साठ युरो. फोटो पाहिला. चकाचक! तळव्यावर ओरखडासुद्धा नाही.

जावई म्हणाले, "आई, प्लॅस्टिक किती जुनं आहे कुणास ठाऊक. जरा थांबू या." आणि मी, जिनं त्या खेळाचं नावही नीट उच्चारलं नव्हतं, मी म्हणाले, "अहो, न वापरलेल्या वस्तूला काय होतंय? आम्ही एकाच्या दप्तरावर तीन भावंडं शिकवली." वर साठ युरो माझ्या पर्समधून काढून दिले. सासूबाईंच्या पुढे जावई काय बोलणार?

जानेवारीत सुडेलफेल्डला गेलो. बायरिशत्सेल गावाच्या वरचा डोंगर आहे, म्युनिकहून फार लांब नाही. मी खाली उपाहारगृहात काचेमागे बसून होते. त्या दिवशी उणे नऊ तापमान होतं. तिसऱ्या फेरीत एका वळणावर त्याच्या पुढच्या पायाचा बूट घोट्यापाशी तडकला. वरचा भाग पायाबरोबर आला, तळ फळीवर तसाच अडकलेला. आता हे लक्षात घ्या, की स्कीच्या बांधणीतून पडताना पाय सुटतो, या फळीच्या बांधणीतून सुटत नाही. एक पाय मोकळा आणि दुसरा अडकलेला, अशा स्थितीत ती फळी मागच्या गुडघ्यावर फिरली. स्नायुबंध दुखावला. सहा आठवडे पट्टा, बारावीचं वर्ष, आणि घरात कुणी मला एका शब्दानंही बोललं नाही. ते जास्त लागलं.

नंतर कळलं ते असं. ही कवचं बहुधा पॉलियुरेथेनची असतात. हवेतली ओल वर्षानुवर्षं त्यात मुरते आणि त्या पदार्थाच्या लांब साखळ्या हळूहळू तोडते. तुम्ही बूट घाला किंवा कपाटात ठेवा, हे चालूच राहतं. तळघरातल्या दमट हवेत तर जास्तच. वरून चकाकी तशीच राहते, आतून ते बिस्किटासारखं होतं, आणि कडक थंडीत जोर पडला की फुटतं. आपल्याकडे हे सगळ्यांनी पाहिलंय खरं तर. माळ्यावर जपून ठेवलेले चांगले बूट चार-सहा पावसाळ्यांनी काढावेत, आणि लग्नाच्या दारात तळवा भुगा होऊन पडावा! फार जपलेला शालू घडीवर विरतो, तसंच. पण तळवा पडला तर आपण हसतो आणि चपला घालतो. डोंगरावर तसं नसतं.

म्हणून माझं मत आहे, आणि ते मी ठामपणे मांडते: या खेळात फळी जुनी चालेल, बूट जुने नकोत. "न वापरलेले" हा बुटांचा गुण धरूच नये. काटकसर करायची तर फळीत करावी. जुनी फळी ताठ असेल, कडा शिल्लक असतील, थर सुटले नसतील, तर ती दोन-चार वर्षं छान काम देते. मुलं नेमकं उलटं करतात. फळी दिसते, तिच्यावर चित्र असतं, म्हणून पैसा तिच्यावर. बूट विजारीखाली झाकलेले, म्हणून ते कसेही.

खरेदीचा क्रमही मग तोच असावा. आधी बूट, मग बांधणी, शेवटी फळी. बुटांचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, पायाची लांबी साडेसव्वीस तर माप २६.५. इतकं सरळ. मी स्वतः त्याला भिंतीला टाच टेकवून उभं केलं आणि फूटपट्टीनं मोजलं. तो चपलांच्या नंबरावरून आपला पाय अठ्ठावीसचा समजत होता! पुढची परीक्षा अशी, की आतला मऊ अस्तर-बूट काढायचा, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघायचं. एक ते दीड बोट उरलं तर ठीक. तीन बोटं उरली तर ते बूट दुसऱ्या कुणाचे. दुकानात ढगळ बूट आरामशीर वाटतात, उतारावर त्यात टाच उचलली जाते आणि मग पोरगं बकलं आवळत बसतं, पायाला मुंग्या येईपर्यंत. चांगल्या बुटाचा अस्तर गरम करून पायाच्या आकाराचा करून घेता येतो, ते जरूर करावं.

बांधणीत दोन प्रकार. एकात पुढे-मागे तारेच्या कड्या असतात, वाकून पुढची खटका दाबून लावायची. दुसऱ्यात टाच ठेवली की आपोआप खट्‌कन बसते, टाचेतल्या दोन पिना बाहेर येऊन भोकांत शिरतात. दुसरा प्रकार सोयीचा, यात वाद नाही. पण त्या भोकात बर्फ भरला की एखादी पीन अर्धीच बसते आणि आवाज मात्र "खट्" असाच येतो. मला साधा प्रकार बरा वाटतो. जे लागलंय ते डोळ्यांना दिसतं. (नातवाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, वाकायला नको म्हणून तुला तर दुसराच आवडायला हवा.) तारेच्या कड्याही वाकून-वाकून थकतात, त्या काही हंगामांनी बदलाव्यात. त्या फार महाग नसतात.

फळीबद्दल एवढंच, की दूरदर्शनवर दिसते ती शर्यतीची लांबलचक फळी मुलांनी मागितली तर देऊ नये. तिचं वळण वीस मीटर त्रिज्येचं आणि त्याहूनही मोठं असतं, तिला वेग लागतो आणि मोकळा उतार लागतो. गर्दीच्या छोट्या डोंगरावर दहा-बारा मीटरवाली पुरते. आणि तिचा ताठपणा स्वतःच्या वजनाला साजेसा हवा. फळीची रुंदी आणि पायांचे कोन हे मात्र एकत्र बघायचे. अरुंद फळीवर पाय जास्त पुढे वळवले नाहीत तर बुटाचं टोक कडेबाहेर येतं आणि कलताना बर्फाला घासतं. आमच्याकडे पंचावन्नच्या आसपास अंश आहेत. कोनमापक माझाच, शाळेतला.

आता निगा. याच्यावर मी पानंच्या पानं लिहीन, कारण हे काम मला आवडलं.

सहा आठवडे नातू पाय लांब करून बसला होता, तेव्हा आम्ही दोघांनी तळघरात फळी घेऊन बसायला सुरुवात केली. कडेची धार! सांगलीला गल्लीत सायकलच्या चाकावर धार लावणारा यायचा, विळी, अडकित्ता, कात्री. त्याची आठवण आली. इथे कडेला अठ्ठ्याऐंशी अंशाचा साचा लावून कानस एकाच दिशेनं ओढायची. तळाच्या बाजूनं एक अंश. पण रोज कानस लावायची नाही, कड संपते. रोज संध्याकाळी हिऱ्याच्या कणांचा दगड हलक्या हातानं फिरवायचा, दगडधोंड्यांवर घासून आलेले कुसळासारखे काटे काढायला. धार आली का ते नखावरून कड ओढून बघायचं, नखाचा बारीक कीस निघाला पाहिजे. आणि फळी कोरडी करूनच ठेवायची. ओल्या फडक्यात गुंडाळली की सकाळी गंज.

मग मेण. इस्त्रीसारखंच यंत्र असतं, पण कपड्यांची इस्त्री वापरू नये, तिचं तापमान वरखाली होतं. मेण वितळवून तळावर थेंब टाकायचे आणि इस्त्री सारखी फिरती ठेवायची. पुरणपोळीसारखं आहे, हात थांबला की करपली. धूर आला तर फार तापलंय असं समजावं. गार होऊ द्यायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, टोकाकडून शेपटीकडे ब्रश मारायचा. पूर्वी शर्यतींत फ्लोरिनवालं मेण वापरत. ते पाण्यात-मातीत जिरत नाही, साठत राहतं, म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०२३-२४ च्या हंगामापासून त्यावर बंदी घातली. घरात तर ते नकोच. हंगाम संपला की जाड मेण लावून तसंच ठेवायचं, खरवडायचं डिसेंबरात.

हे सगळं दुकानात पैसे देऊन करून मिळतं. लेकीचं म्हणणं तेच, "आई, कशाला एवढा खटाटोप?" माझं उत्तर असं, की दुकानदार फळीला धार लावतो, बांधणीचा सैल झालेला स्क्रू त्याला दिसेलच असं नाही. स्वतः हात फिरवणाऱ्याला दिसतो. फेब्रुवारीत एक स्क्रू बोटानं फिरला. बोटानं! प्रत्येक बांधणीला चार असतात आणि कंपानं ते सैल होतात. आता पहिल्या दोन फेऱ्यांनंतर स्क्रू-ड्रायव्हर खिशातून निघतोच. नवे स्क्रू घेताना लांबीही बघावी, जास्त लांब स्क्रू आतून तळाला फोड आणतो.

बुटांना एवढंच: घरी आल्यावर अस्तर बाहेर काढून रात्रभर वाळवायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे. हीटरवर नाही. मग बकलं हलकी लावून ठेवायची, नाहीतर कवच वेडंवाकडं होतं.

एक सांगायचं राहिलं. त्या फुटक्या बुटाचे तुकडे मी टाकू दिले नव्हते. एकदा चष्मा लावून आतून बघताना तळाशी नाण्याएवढं एक वर्तुळ दिसलं. कडेनं एक ते बारा आकडे, मध्ये बाण, बाणाच्या दोन बाजूंना ९ आणि ९. साच्यातून काढतानाच महिना आणि वर्ष कोरलेलं असतं, १९९९ चं. बूट नातवापेक्षा मोठे होते. त्याच्या आईच्या लग्नाच्याही आधीचे. पस्तीस वर्षं मुलांना "आधी प्रश्न नीट वाचा" सांगत होते, आणि ते वर्तुळ डिसेंबरातही तिथेच होतं.

पुढच्या हिवाळ्यात त्याला नवे बूट घेतले. निम्मे पैसे मी दिले, जावई नको म्हणत होते. खोका आला तेव्हा त्यानं बूट आधी माझ्याकडे दिले. मी अस्तर काढला, भिंग घेतलं आणि खिडकीपाशी गेले.

"काय गं आजी, पास?"

त्याच वर्षीचा सप्टेंबर होता.

भाचीबाई, तुझ्या लेकाला त्या गृहस्थांकडून आधी त्या वर्तुळाचा फोटो मागवायला सांग. आणि मग मला फोन कर.