अकरा तलंगा

आमच्या घरात पहाटे उठवायला दोघं असतात. एक मोबाईल आणि दुसरा आमचा तांबडा कोंबडा. मोबाईलचं चार्जिंग संपलं की तो गप्प बसतो. कोंबडा मात्र फजरच्या आधी न चुकता आरवतो, आणि अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, अंथरुणातूनच अल्लाहकडे बरकत मागतात. कोंबडा आरवला की दुआ मागावी, हे त्या त्यांच्या आईकडून शिकल्या. आता माझी लेकही तसंच करते.

मागे एकदा या सदरात उरलेल्या अन्नाबद्दल लिहिताना मी आमच्या कोंबड्यांचा उल्लेख केला होता. त्यावर काही भगिनींनी विचारलं, 'नोकरी करून हे सगळं कसं सांभाळता?' खरं उत्तर द्यायचं तर आधी एक चूक कबूल करावी लागेल. म्हणून आज तीच सांगते.

आमचं निरवांगी नीरा नदीच्या काठी. नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका, आणि अलीकडे-पलीकडे ऊसच ऊस. ऊस माणसांना पैसा देतो आणि मुंगसाला लपायला जागा. कोंबड्या पाळायला घेतल्यावर पहिला धडा मुंगसानेच शिकवला. खुराड्याच्या जाळीला चार बोटांची फट राहिली होती. एका रात्रीत तीन कोंबड्या गेल्या. तेव्हापासून खुराड्याच्या तळाला फरशी आहे, बारीक जाळी आहे आणि मगरिबनंतर कडी लावायचं काम मुलाकडे आहे. दिवसा घारीची भीती. पिल्लं लहान असेपर्यंत ती डालग्याखाली, आणि अंगणात एक जुनी साडी आडवी बांधलेली.

बाकीचे त्रास ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना सांगायला नकोत. ओटा धुऊन वळावं तोच कोंबडी वर चढते. नमाजचे कपडे दोरीवर उंच वाळत घालावे लागतात. शेजाऱ्यांची कोथिंबीर उकरली की बोलणी खावी लागतात. एखादी कोंबडी ऐन अंड्याच्या दिवसांत खुडूक होते आणि रिकाम्या कोपऱ्यात फुगून बसून राहते. ती खुडूक झाली की अम्मी मात्र खूश. दहा-बारा ताजी अंडी बघून तिच्याखाली ठेवायची, जवळ दाणा-पाणी ठेवायचं आणि दिवस मोजायचे. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरलं की आत लाल शिरांचं जाळं दिसतं. ज्यात काही दिसत नाही ते काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी कवचाला पहिली भेग पडते. आमच्या वर्गातली मुलं हे बघायला घरी आली होती. धडा वाचून जे कळलं नसतं, ते त्यांना तेव्हा कळलं.

गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. पोल्ट्रीतल्या लेअर कोंबडीची तीनशेच्या पुढे जातात. हिशेबात गावरान हरते. पण तिला खाद्य विकत आणावं लागत नाही. ज्वारीच्या कण्या, मक्याची भरड, शेवग्याचा पाला, भाकरीचे तुकडे आणि उकिरड्यावरचे किडे यांवर ती जगते. गावरान अंड्याला भावही जास्त मिळतो. अनेक बायकांचं मीठ-मिरचीचं दुकान या अंड्यांवर चालतं. आमच्या शेजारच्या आक्कांचंही चालायचं.

आक्का सत्तरीच्या. लेक-सून पुण्याला, नातू शिकायला आजीजवळ. त्यांच्याकडे चौदा कोंबड्या होत्या. अंड्यांच्या पैशातून नातवाच्या वह्या आणि स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या यायच्या. आमच्या कोंबड्या त्यांच्या अंगणात जायच्या, त्यांच्या आमच्याकडे यायच्या. त्यांची एक पिवळी कोंबडी रोज आमच्या खुराड्यात अंडं घालायची. अम्मी ते अंडं वेगळ्या वाटीत ठेवायच्या आणि संध्याकाळी भिंतीवरून आक्कांच्या हातात द्यायच्या. 'दुसऱ्याचा हक्क आपल्या सालनात नको,' एवढंच त्या म्हणायच्या.

गेल्या वर्षी रमजान ईदला आठवडा उरला असताना मी आठवडे बाजारातून चार कोंबड्या आणल्या. पाहुणे येणार होते. त्यातली एक जरा मान पाडून होती. मला वाटलं, पाय बांधून आणल्यामुळे दमली असेल. शाळेतून आले होते, रोजा होता, इफ्तारची घाई होती. चारही कोंबड्या सरळ आमच्या बावीस कोंबड्यांत सोडून दिल्या.

तिसऱ्या दिवशी ती मेली. नंतर चार-पाच दिवसांनी आमच्या कोंबड्या हिरवट पातळ हगायला लागल्या. चोच उघडी टाकून श्वास घ्यायच्या. दोघी-तिघींच्या माना वळल्या, पाय लुळे पडले. अम्मींनी बघताच सांगितलं, 'ही मानमोडी.' पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. राणीखेत. हा रोग 1926 साली इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला नोंदला गेला आणि लगेचच्या वर्षांत आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतजवळ सापडला, म्हणून हे नाव. त्यावर औषध नाही. आधी दिलेली लस हाच उपाय, आणि मी ती दिली नव्हती.

कुणीतरी सुचवलं, 'मरायच्या आधी जबह करून वाटून टाका, वाया तरी जाणार नाहीत.' ह्यांनी साफ नकार दिला. आजारी कोंबडी कापली की तिची पिसं, रक्त, आतडी उकिरड्यावर जाणार आणि कुत्री ती गल्लीभर नेणार. आम्ही मागे खोल खड्डा काढून, चुना टाकून त्या पुरल्या. ईदच्या दुसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या मिळून सात कोंबड्या उरल्या. त्याच आठवड्यात आक्कांच्या अंगणातही रोग गेला. त्यांच्या चौदातल्या अकरा मेल्या. पिवळीही गेली.

माझी खरी चूक आता सांगते. बाजारातून रोग आणणं ही नकळत घडलेली चूक होती. पण आक्का भिंतीपलीकडून म्हणाल्या, 'बाई, काय हवा आली बघा यंदा,' तेव्हा मी 'हो ना, हवाच वाईट,' असं म्हणून आत आले. मी सातवीला संसर्गजन्य रोगांचा धडा शिकवते. 'विलगीकरण' हा शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून घेते. आणि म्हातारीच्या तोंडावर मी दोष हवेवर ढकलला.

चार दिवस मी तशीच राहिले. पाचव्या दिवशी लेकीने जेवताना विचारलं, 'अम्मी, आक्कांना सांगायला नको का?' अम्मी काही बोलल्या नाहीत. अंड्याची ती वेगळी वाटी तेवढी फळीवर पालथी घातलेली होती. माझी नजर तिच्यावर गेली आणि घास उतरेना. माणसाचा हक्क माणसानेच माफ करायचा असतो, हे मी मुलांना कितीदा सांगितलंय.

मी उठून आक्कांकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं सांगितलं. बाजारातली कोंबडी, मान पाडलेली, न तपासता सोडलेली. आक्कांनी खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, 'मला ठाऊक हाय बाई. तुमची आधी मेली, माझी मागून. मी कधी सांगताय याची वाट बघत होते.'

मी पैसे पुढे केले. त्यांनी हात मागे घेतला. 'पैका आज हाय, उद्या न्हाई. कोंबड्या द्या. लस टोचलेल्या द्या. आन् अकराच द्या. बारावी नको.'

बारावी नको, या शब्दांनी मला फार शिकवलं. त्यांना उपकार नको होते, हिशेब हवा होता.

डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही दोन्ही खुराडी रिकामी केली, खालची घाण जाळली, भिंतींना चुना दिला आणि महिनाभर तशीच ठेवली. उरलेल्या कोंबड्या तोवर लांब झाकून ठेवल्या. मग ह्यांनी बारामतीकडून लस दिलेल्या दोन महिन्यांच्या तलंगा आणल्या. या वेळी त्या तीन आठवडे मागच्या शेडमध्ये वेगळ्या ठेवल्या. त्यांचं भांडं वेगळं, झाडू वेगळा, आत जायची चप्पलही वेगळी. आक्का रोज भिंतीवरून डोकावून मोजायच्या. बाविसाव्या दिवशी अकरा तलंगा त्यांच्या अंगणात सोडल्या.

एक अडचण उरलीच होती. लशीची एक बाटली निदान शंभर कोंबड्यांची येते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा-वीस कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून बायका लस देतच नाहीत. आम्ही गल्लीतल्या नऊ घरांची बैठक आक्कांच्या ओट्यावर घेतली. आता महिना ठरवून एक बाटली सगळ्यांत मिळून येते. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, पुढे डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस आणि आठ आठवड्यांनंतर टोचायची लस. आजारी कोंबडीला लस द्यायची नाही, एवढं आम्हाला पाठ झालं. कोणाच्या किती कोंबड्या याची वही आक्कांचा नातू लिहितो. त्याचं अक्षर सुधारलं, हा आणखी एक फायदा.

ज्या भगिनींना दहा-वीस कोंबड्यांनी सुरुवात करायची आहे, त्यांनी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जरूर चौकशी करावी. 25 तलंगा आणि 3 नर निम्म्या अनुदानावर देण्याची शासनाची योजना राहिलेली आहे. यंदा अर्ज चालू आहेत का, तेही तिथेच कळेल. पण कोंबड्या कुठूनही आणा, पाहुण्यांच्या घाईत आणा की हौसेने आणा, त्यांना आधी वेगळं ठेवा. आपलं खुराडं आपल्या भिंतीपाशी संपत नाही.

परवा अम्मींनी ती वाटी पुन्हा सरळ केली. आक्कांची एक तलंग अंड्यावर आली आहे, आणि पहिलं अंडं तिने आमच्या खुराड्यात घातलं.