मामांची चार बटणे

उन्हाळ्यात भंडारा जिल्ह्यात, पवनीला मामांकडे गेलो होतो. उन्हाळी धानाला पाणी द्यायचे, तर वीज यायची मध्यरात्री! सत्तरीचे मामा बॅटरी घेऊन धुऱ्यावरून पंपाकडे निघत. मामी दारात बसून राहात. मागे पायाशी घोणस निघाली, तेव्हा मामींनी हट्टच धरला.

म्हणून पंपाशी चार चॅनेलचा बिनतारी रिसीव्हर बसवला. मला वाटले, रेडिओसारखी चार स्टेशने! तसे नव्हे. लहर एकच, प्रत्येक बटणाचा संकेत निराळा. संकेत पटला की आतला रिले स्टार्टरला खूण करतो. मोटारीचा भार स्टार्टरच उचलतो. एक बटण पंपाचे, एक दिव्याचे, एक भोंग्याचे. चौथे रिकामे.

पहिल्याच आठवड्यात पंप आपोआप सुरू! शेजाऱ्यांच्या रिमोटचाही संकेत नेमका तोच. आता दर दाबाला संकेत बदलणारा संच आणला आहे. जुना संकेत तो मानीतच नाही.

पण हा रिसीव्हर नुसता ऐकतो, उत्तर देत नाही. पंपाने पाणी उचलले की नाही, कसे कळावे? मामा ओसरीवरून बटण दाबतात आणि बॅटरी घेऊन निघतातच.

"चौथं बटण ह्यांना घरात बसवायला लावून द्या हो भाचेबुवा," मामी म्हणाल्या.