पाऊस, सायकल आणि शाळेचे फाटक

शाळा उघडून दुसरा आठवडा सुरू होतो न होतो तोच पालकांची चार पत्रे आमच्या टेबलावर आली. चारही पत्रांचा आशय एकच: पावसाळ्यात मुलांना सायकलने शाळेत येण्यास मनाई करावी. पत्रे काळजीपोटी लिहिली आहेत हे आम्ही जाणतो. गेल्या वर्षी श्रावणात अकरावीतला आमचा एक विद्यार्थी शाळेअलीकडच्या चौकात सायकलवरून घसरला. मनगटाचे हाड मोडले, आणि सहामाहीचे पेपर त्याला लेखनिक घेऊन द्यावे लागले. ही गोष्ट कोणीच विसरलेले नाही. तरीही अशी मनाई आम्ही करणार नाही. का करणार नाही, ते पालकांना मोकळेपणाने सांगायला हवे.

त्या मुलाला भेटायला आम्ही दवाखान्यात गेलो होतो. त्याची सायकल नव्या पद्धतीची, बारीक टायरची रोड बाईक, एडक्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल. आम्हाला वाटले, दोष त्या बारीक टायरांचाच. पण त्याने जे सांगितले ते वेगळे होते. सात वाजून तेवीस मिनिटे झाली होती आणि आमचे फाटक सात पंचविसाला बंद होते. वळणावर रस्ता ओलांडण्यासाठी मारलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर चाक आले, समोर रिक्षा थांबली, त्याने वळता वळताच ब्रेक दाबला. "सर, फाटक बंद झालं असतं," एवढेच तो म्हणाला. घरी परतताना आम्ही अस्वस्थ होतो. उशिरा येणाऱ्याला बाहेर उभे करण्याचा नियम आमचाच आहे, आणि पावसाच्या दिवशी तो नियम मुलांना वेग वाढवायला लावतो, हे इतक्या वर्षांत आमच्या ध्यानातच आले नव्हते.

म्हणून यंदा १ जुलै ते ३० सप्टेंबरपर्यंत, पाऊस असलेल्या दिवशी फाटक वीस मिनिटे उशिरा बंद होईल. प्रार्थना चुकली तरी डायरीत शेरा नाही. आमच्या काही सहकारी शिक्षकांना हे पसंत नाही. शिस्त ढिली होईल, कोरड्या दिवशीही मुले पावसाचे निमित्त सांगतील, असे त्यांचे म्हणणे आहे. काही मुले सांगतीलही. तेवढी लबाडी आम्ही सोसू.

मनाई केली तर काय होईल, याचाही विचार करावा. ज्या घरी स्कूटर आहे आणि सोडायला माणूस आहे, तिथली मुले स्कूटरवर येतील, बहुधा एकीवर तिघे. फाटकापाशी आजच जी दाटी होते ती दुप्पट होईल. पण ज्याचे वडील पहाटेच्या पाळीला जातात आणि आई दुसऱ्यांकडे पोळ्या लाटायला जाते, त्याने काय करावे? सुदामा नगराकडून वा आणखी लांबून येणाऱ्या अशा मुलांसाठी सायकल हेच वाहन आहे. मनाईचा अर्थ त्यांच्यापुरता एकच, पाऊस पडला की शाळा बुडाली.

तेव्हा मुलांना पावसात सायकल चालवायला शिकवावे, हे आमचे मत आहे. त्यात अवघड काही नाही, पण कोणीतरी सांगावे लागते. आम्हाला कोणी सांगितले नव्हते. १९८६ च्या सुमारास वडिलांची जुनी काळी सायकल, दांड्यांचे ब्रेक आणि लोखंडी रिम असलेली, घेऊन आम्ही कॉलेजला जात असू. एका हाती हँडल, दुसऱ्या हाती छत्री. कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ ब्रेक दाबला तर काही लागेचना, आणि आम्ही थेट भाजीच्या ठेल्यात. भेंडी रस्त्यावर, आम्ही भेंडीवर. ठेलेवाला मात्र शांतपणे म्हणाला, "बाबूजी, ब्रेक भीग गया तो भीग गया, दिमाग तो सूखा रखते." भेंडीचे पैसे त्याने पुरेपूर घेतले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, पण 'घर्षण' हा शब्द दोन्ही भाषांत एकच. रिम ओली झाली की रबराला पकड मिळत नाही. चाकाचे एकदोन फेरे पाणी पुसण्यातच जातात, मग ब्रेक धरतो. म्हणून थांबायच्या बऱ्याच आधी दोन्ही ब्रेक हलकेच लावून रिम पुसून घ्यावी आणि नंतर दाब वाढवावा. लोखंडी रिमवर ही अडचण सर्वांत जास्त, ॲल्युमिनियमवर कमी. डिस्क ब्रेकवर ती फारशी जाणवत नाही, पण टायर रस्त्यावरून निसटला तर डिस्कही काही करू शकत नाही. अकरावीच्या मुलांनी गणित मांडून पाहावे: ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. म्हणजे समोरचे दिसून हात ब्रेकवर दाबेपर्यंत जर एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर फुकटच गेले. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते.

आणखी एक नियम त्या मुलाच्या मनगटाने आम्हाला शिकवला. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात नाही. वळताना सायकल फार कलू देऊ नये, बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा. पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणे, रुळांच्या पट्ट्या आणि पावसाच्या सुरुवातीला गुलमोहराखाली पडलेला पाकळ्यांचा सडा, या सर्वांवरून सरळ आणि ब्रेक न लावता जावे. रूळ काटकोनातच ओलांडावेत. पहिल्या सरीचा रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण उन्हाळाभर सांडलेले तेल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते. त्यात आपल्या माळव्याची काळी माती! खोदलेल्या रस्त्याच्या कडेची ती माती टायरला लोण्यासारखी लागते. पाणी साचलेल्या जागी खड्डा आहे असेच समजावे.

बारीक टायर पाण्यावर तरंगतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. सायकलच्या वेगाला तसे होत नाही. टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली की पकड सुधारते. ओल्या टायरला काचेचे कण चिकटून पंक्चर जास्त होतात, त्यामुळे घरी आल्यावर टायरवरून ओले फडके फिरवावे. साखळी कोरडी करून थेंब थेंब तेल द्यावे. ते रिमवर सांडू देऊ नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी ब्रेक लागणारच नाही.

मुलांच्या बरसात्या (मराठीत रेनकोट म्हणतात म्हणे!) गडद निळ्या आणि काळ्या असतात. ढगाळ सकाळी मोटारवाल्याला ते मूल दिसतच नाही. पिवळी किंवा केशरी घ्यावी, मागे लाल दिवा लावावा. छत्री सायकलवर नको म्हणजे नकोच. मुलींनी ओढणी आणि सर्वांनीच बरसातीचे सुटे टोक चाकापासून बांधून ठेवावे. हेल्मेट घालावे. वह्या प्लास्टिकच्या पिशवीत असाव्यात. कोरडे मोजे शाळेतच ठेवले तर उत्तम. व्हरांड्यात बरसात्या वाळत घालायला आम्ही दोऱ्या बांधल्या आहेत.

विजा कडाडत असतील तर पक्क्या इमारतीत थांबावे, झाडाखाली नाही. आणि वाहते पाणी, ते घोट्याएवढे दिसत असले तरी, सायकलने ओलांडायचे नाही. २०११ च्या जुलैत पातालपाणीला अचानक वाढलेल्या पाण्यात माणसे वाहून गेली, ते इंदूरकर विसरलेले नाहीत. अशा दिवशी मुलाने घरीच राहावे. गैरहजेरीबद्दल आम्ही विचारणार नाही.

एवढे सांगितल्यावर एक कबुलीही द्यायची आहे. आठवड्यातून दोनदा आम्ही अजूनही सायकलनेच शाळेत येतो, आणि पावसातच ती अधिक आवडते. धूळ बसलेली असते, ऊन नसते, मडगार्ड असले की पाठीवर चिखलाची रेघ उठत नाही. तोंडावर सरी घेत हळू चालवताना वाटेतला कणीस भाजण्याचा वास पोचतो. घरी जाऊन अंग पुसल्यावर भुट्ट्याचा कीस समोर आला तर आणखी काय हवे! ही मजा मुलांकडून काढून घेऊ नये, असे आम्हाला वाटते.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मैदानावर मुलांना ओल्या जागेत ब्रेक लावून दाखवायचे आहे. पत्रे लिहिणाऱ्या चारही पालकांनी आपली सायकल घेऊन यावे. पाऊस नसला तर बागेची नळी आहेच.