अपयशाचा अहवाल कुणाच्या मालकीचा?

18 मे 2025 रोजी पीएसएलव्ही-सी61च्या तिसऱ्या टप्प्यातील घनइंधन मोटरचा दाब घसरला आणि ईओएस-09 हा उपग्रह आपण गमावला. चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल मात्र पुढच्या उड्डाणापर्यंत जनतेसमोर आला नाही. 12 जानेवारी 2026 रोजी सी62 झेपावले आणि तिसऱ्या टप्प्याच्याच अखेरीस मार्गभ्रष्ट झाले. या वेळी देशाच्या उपग्रहासोबत विद्यार्थ्यांनी घडवलेले छोटे उपग्रहही नष्ट झाले. दोन्ही बिघाडांचे मूळ एकच होते काय? पहिला अहवालच बंद कपाटात असेल, तर या विद्यार्थ्यांनी हे ताडून पाहायचे कसे?

यावर गोपनीयतेची सबब पुढे केली जाते. ती टिकत नाही. ऑगस्ट 2021मध्ये जीएसएलव्ही-एफ10 अपयशी ठरले, तेव्हा झडपेतील गळतीमुळे द्रव हायड्रोजनच्या टाकीतील दाब घटल्याचे इस्रोनेच प्रसिद्ध केले. क्रायोजेनिक तंत्रज्ञानाहून संवेदनशील ते काय असणार? ऑगस्ट 2022मध्ये एसएसएलव्हीच्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा विलग होतानाच्या क्षणिक कंपनांनी त्वरणमापक संपृक्त झाले, हेही इस्रोनेच सविस्तर सांगितले. त्याने राष्ट्रीय सुरक्षेला कोणती बाधा पोचली? जे तेव्हा साधले, ते आता का साधू नये?

1979मध्ये एसएलव्ही-3 कोसळल्यावर सतीश धवन स्वतः पत्रकारांना सामोरे गेले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तो मोठेपणा खराच. परंतु जबाबदारी स्वीकारणे निराळे आणि कारण उघड करणे निराळे. पहिल्याने आदर वाढतो. ज्ञान वाढते ते दुसऱ्याने. 1986च्या चॅलेंजर दुर्घटनेची सुनावणी जाहीर झाली, म्हणूनच बर्फाच्या पाण्यात ताठरलेले रबर फाइनमन साऱ्या जगाला दाखवू शकले.

इस्रोवर अविश्वास दाखवण्याचा हा प्रश्न नाही. शास्त्रज्ञ प्रामाणिक असतात, तरीही विज्ञान त्यांच्या शब्दावर चालत नाही. ते पडताळणीवर चालते. म्हणून मागणी साधी आहे : प्रत्येक अपयशाचा अहवाल, खरोखर गोपनीय तेवढाच भाग वगळून, ठरलेल्या मुदतीत आणि पुढील उड्डाणापूर्वी प्रसिद्ध व्हावा.

प्रयोगवहीत चुकलेले निरीक्षण खोडायचे नसते. त्यावर एकच रेघ मारून ते वाचनीय ठेवायचे असते, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. देशाच्या प्रयोगवहीला निराळा नियम कशासाठी?