फुकट दिले, पण लेखी दिले का?

फुकट मिळालेल्या वस्तूचा कागद कोणी वाचत नाही आणि कंपन्यांना हे पक्के ठाऊक असते. २०१६ साली फेसबुकच्या (आजची मेटा) संशोधन विभागाने फास्टटेक्स्ट हे सॉफ्टवेअर खुले केले. संगणकाकडून मजकुराची वर्गवारी करून घेण्याचे ते साधन. मराठी शब्दांच्या जवळिकीचा तयार तक्ताही पुढे त्यातूनच निघाला. परवाना बीएसडी, म्हणजे वापरा, बदला, विका. मात्र सोबत पेटंटविषयीचा दुसरा कागद जोडलेला होता. तुम्ही फेसबुकवर पेटंटचा दावा लावलात, मग त्या पेटंटचा या सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नसला तरी, कंपनीने दिलेली पेटंटची परवानगी विनानोटीस संपणार!

आम्ही वकिली करतो. कोर्टाची पायरी चढणाऱ्याला दंड करणारी अट दिसली की आमचे कान टवकारतात. अपाची परवान्यातही असे कलम आहे, पण ते त्याच सॉफ्टवेअरवरील दाव्यापुरते. इथे मात्र उद्या कंपनीने एखाद्या लहान उद्योजकाचा शोध उचलला तर त्याने एकतर गप्प बसावे, नाहीतर हातातल्या सॉफ्टवेअरची परवानगी गमवावी. याला मोकळीक म्हणायचे काय?

रिॲक्टलाही हीच अट होती. जुलै २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने हा परवाना आपल्या प्रकल्पांत निषिद्ध ठरवला, बरीच ओरड झाली आणि सप्टेंबरमध्ये फेसबुकने रिॲक्ट एमआयटी परवान्याखाली आणले. फास्टटेक्स्टही नंतर तिकडेच गेले. पण एमआयटी परवान्यात पेटंट हा शब्दच नाही! परवानगी त्यात गृहीत आहे, असे अनेक वकील सांगतात. गृहीत हक्क कोर्टात सिद्ध करावा लागतो. त्याला काय खर्च येतो ते आमच्या पक्षकारांना विचारा.

भारतात डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने सॉफ्टवेअर पेटंटला दार किलकिले केले होते, संसदेने ते २००५ मध्ये लावून घेतले. कलम ३(के) प्रमाणे निव्वळ संगणक प्रोग्रॅमला इथे पेटंट नाही. पण पुण्यात लिहिलेला प्रोग्रॅम अमेरिकेत विकला की तिथला कायदा आडवा येतो. यंत्राला शिकवण्याच्या 'ड्रॉपआउट' तंत्राचे अमेरिकी पेटंट गुगलला २०१६ मध्ये मिळाले. त्याच गुगलने टेन्सरफ्लो अपाची परवान्याखाली दिले, म्हणजे त्या सॉफ्टवेअरपुरती पेटंटची परवानगी लेखी आहे. आम्हाला हवे ते एवढेच.

आपल्या मुलामुलींनी कोड उतरवून घेताना परवान्याची फाईल उघडावी, शेजारी पेटंटची वेगळी फाईल आहे का तेही पाहावे. आणि जनतेच्या पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनी कंपनीचे संशोधन-सॉफ्टवेअर घेण्याआधी पेटंटची परवानगी लेखी मागावी.