दहा वर्षांच्या नोकरीला ‘गॅप’ म्हणतात

तिशीत पदवीला प्रवेश घ्यायला गेलेल्या माणसाकडे बहुतेक ठिकाणी एक कागद हटकून मागतात: गॅपचं प्रतिज्ञापत्र. बारावीनंतर आजपर्यंत काय करत होतात, ते शपथेवर लिहून द्यायचं. त्या वर्षांत त्याने नोकरी केली असेल, धाकट्या भावाची फी भरली असेल, बहिणीचं लग्न लावून दिलं असेल, अंथरुणावरच्या सासऱ्यांचं केलं असेल. कागदावर ती सगळी वर्षं म्हणजे ‘गॅप’. नुसती पोकळी.

हा शब्द कारकुनी आहे म्हणून सोडून देता आला असता. पण आपली शिष्यवृत्त्यांची सगळी व्यवस्था याच समजुतीवर उभी आहे. विद्यार्थी म्हणजे नुकतीच बारावी झालेला, दिवसभर मोकळा असलेला, बापाच्या उत्पन्नावर जगणारा अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी. या साच्यात न बसणाऱ्याला कुणी ‘तुमचं वय झालं’ असं तोंडावर सांगत नाही. सांगावं लागतच नाही. बाकीच्या अटी ते काम चोख करतात.

मी स्वतः या साच्यात फिट बसले होते. २०१६ साली इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला, आणि राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून माझी निम्मी शिकवणी फी सरकारने भरली. त्याबद्दल मला लाज नाही, उलट ती मिळाली नसती तर आज मी हे काम करत नसते. प्रश्न असा आहे, की माझ्याच ऑफिसातल्या सपोर्ट टीममधली एक बाई, वय तेहतीस, तिला हेच का मिळू नये? बारावीनंतर वडील गेले, ती डेटा एंट्रीला लागली, मग लग्न, मग मूल. आज ग्राहकांच्या तक्रारी ती आमच्यापैकी अनेकांपेक्षा नीट सोडवते. पण वरच्या पदाच्या अर्जात ‘पदवीधर’ हा रकाना सक्तीचा आहे, आणि तो रिकामा असला की पुढचं पानच उघडत नाही. तिला बीसीए करायचंय. नोकरी सोडून नव्हे, कारण घर तिच्या पगारावर चालतं.

आता तिच्यासाठी काय काय आहे ते पाहू.

केंद्र सरकारची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला १२,००० रुपये. त्यासाठी बारावीला बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर हवं, आणि अभ्यासक्रम ‘नियमित’ हवा. पत्रद्वारा किंवा दूरशिक्षण चालत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या एका परीक्षेवर आजची मदत ठरते, मधल्या कामाला शून्य गुण. राज्याच्या राजर्षी शाहू योजनेतही दूरशिक्षण आणि अर्धवेळ अभ्यासक्रम बसत नाहीत. २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी पूर्ण माफ झाली. चांगला निर्णय. पण प्रवेश केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून हवा, म्हणजे पुन्हा दिवसभराचं कॉलेज. शासननिर्णयातल्या ‘मुली’ म्हणजे कोण, हे त्या शब्दातच कळतं.

मग उरतं कर्ज. बँकांच्या शैक्षणिक कर्जात साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण सहकर्जदार लागतो. अठराव्या वर्षी बाप सही करतो. तेहतिसाव्या वर्षी नवऱ्याची सही लागते, म्हणजे बाईच्या शिकण्याला आधी घराची मंजुरी. आणि ‘नोकरी करतेस ना, मग फी स्वतः भर, करात सूट मिळेल’ असं कुणी म्हणणार असेल, तर आयकराची ८०-सीची तरतूद वाचावी. तिथे शिकवणी फीची वजावट मिळते ती दोन मुलांच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी. स्वतःच्या फीसाठी नाही. स्वतःच्या शिक्षणासाठी कर्ज काढलंत तर त्याच्या व्याजावर ८०-ई खाली सूट आहे, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. थोडक्यात, साठवलेल्या पैशातून शिकणाऱ्याला काही नाही, व्याज भरणाऱ्याला थोडंसं.

यावरचं ठरलेलं उत्तर मला माहीत आहे: मुक्त विद्यापीठ आहे की! आहेच. इग्नू १९८५चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९चं, आणि महाराष्ट्रातल्या असंख्य कंडक्टर, पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविकांच्या पदव्या तिथल्याच आहेत. पण फी कमी आहे म्हणून मदत नको, हा युक्तिवाद पगारदार पुणेकराचा आहे. फीबरोबर संपर्कसत्राला जायचं भाडं येतं, परीक्षेच्या दिवसांचा बुडालेला रोज येतो, मूल कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न येतो. रोजंदारीवरच्या माणसाला फीपेक्षा ते दिवस महाग पडतात.

शिवाय इथे सरकार स्वतःच्याच शब्दाला जागत नाही. मान्यताप्राप्त मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीला समकक्ष आहेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२०चे नियम सांगतात. पदवी समान, पण ती मिळवणारा विद्यार्थी समान नाही? ‘नियमित’ हा शब्द नोकरभरतीत गैरलागू असेल, तर शिष्यवृत्तीच्या अर्जात तो कशासाठी?

हे जमण्यासारखं नाही, असंही नाही. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत पत्रद्वारा शिक्षण घेणाऱ्यालाही फीची प्रतिपूर्ती आणि पुस्तकांसाठी भत्ता देण्याची तरतूद पूर्वीपासून आहे. उत्पन्नमर्यादा अडीच लाख, म्हणजे दरवाजा अरुंद. पण दरवाजा आहे. तो इतर योजनांमध्ये काढायला कुठल्या घटनादुरुस्तीची गरज नाही.

आणि महाराष्ट्राने तरी याबाबतीत अडाणीपणाचं सोंग आणू नये. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’ शिकवलं. १९४६ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, पोरांना दिवसा नोकरी करता यावी म्हणून. आज कर्मवीरांच्या नावाची कमवा व शिका योजना विद्यापीठात आहे, पण ती आधीच कॉलेजात असलेल्यांनी आवारात ताशी कामं करण्याची. जे खरोखर कमावतात आणि मग शिकायला येतात, त्यांच्यासाठी त्या नावाने छदामही नाही.

सगळ्यांत सभ्य आक्षेप असा, की पैसा मर्यादित आहे, तो आधी तरुणांना द्यावा. पण मर्यादित पैसा वाटायचा निकष गरज हा असेल, तर वय मध्ये येतंच कुठे? पंचविशीपुढच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीच्या अर्जात आजही वडिलांचा व्यवसाय आणि पगार भरावा लागतो. अमेरिकेत, जिथल्या शिक्षणकर्जाच्या चुका आपण नक्कीच गिरवू नयेत, केंद्र सरकारची मदत ठरवताना चोविशीनंतर आईबापांचं उत्पन्न विचारतच नाहीत. एवढं तर घेता येईल.

माझ्या मागण्या चार आहेत. योजनांमधून ‘नियमित’ शब्द काढा, आयोगाची मान्यता असलेला कुठलाही अभ्यासक्रम चालू द्या. पंचविशीपुढे अर्जदाराचं आणि जोडीदाराचंच उत्पन्न मोजा. मदत वर्षावर न देता श्रेयांकांवर द्या. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची आहे, श्रेयांक साठवायची बँक २०२१ पासून आहे, मग वर्षाला वीस श्रेयांक करणारीला वीसाची मदत देणं हा साधा गुणाकार आहे. असले हिशेब करणाऱ्या प्रणाल्या मी रोज लिहिते, त्यामुळे तांत्रिक अडचणीचं कारण निदान मला सांगू नये. चौथी मागणी, स्वतःच्या फीला करात तीच वजावट द्या जी मुलांच्या फीला मिळते.

नव्या शैक्षणिक धोरणात केव्हाही बाहेर पडा, केव्हाही परत या, असं म्हटलंय. बाहेर पडायला कुणालाच पैसे लागत नाहीत. परत यायला लागतात.