फेकलेली कळशी कुणाची?

हॉस्टेलमधल्या कुठल्याही पोराला म्हणा, "बाबा रे, एक फायटर बनव." तो काही न विचारता दोन हातांनी पेलायची तलवार घेतो, अंगभर चिलखत चढवतो आणि उरलेले सगळे पॉइंट ताकदीत ओततो. झाला फायटर! सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच जर्नलच्या चाळीस कॉप्या निघतात ना, तसेच हे फायटर. वर नावं वेगळी, आत मजकूर एकच. माझं म्हणणं असं आहे की फायटर बनवायचाच तर बिनशस्त्राचा बनवावा. तांब्या, पाट, वीट, स्टूल, जे हाताला लागेल ते उचलून फेकणारा. आणि त्याला चिंचपोकळीच्या चाळीत राहायला ठेवावं. हे शेवटचं वाक्य वाचून जे हसले, त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

आधी स्टाफरूममधल्या वाचकांसाठी दोन शब्द. फासे दिसतात म्हणून आमच्या कॉमन रूममध्ये रात्री जुगार चालतो, असा एक समज आहे. तसं काही नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गोष्ट रचत खेळायचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांचा. अमेरिकेत तो १९७४ च्या जानेवारीत विक्रीला आला. एक जण डन्जन मास्टर होतो, आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो. तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी आता असं असं करतो' म्हणतात. जमलं की फसलं ते वीसबाजू फासा ठरवतो. पैसे लावायचे नसतात. मॅगीचा खर्च तेवढा होतो.

आता नियम. २०१४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये अशा हाताला लागलेल्या वस्तूला 'इम्प्रोव्हाइज्ड वेपन' म्हणतात. ती लागली तर इजा चारबाजू फाशाची, म्हणजे सरासरी अडीच. फेकली तर २० फुटांपर्यंत नीट जाते, ६० फुटांपर्यंत कशीबशी. तलवारीला सरावाचा जो बोनस मिळतो तो हिला मिळत नाही. उलट मोठ्या तलवारीला सहाबाजू दोन फासे, सरासरी सात. दोघांतही ताकदीचे चार मिळवा. तलवार अकरा, तांब्या साडेसहा. "हा तर सरळ सरळ घाट्याचा सौदा आहे," असं आमचे एक सिनियर म्हणाले आणि कॅल्क्युलेटर खिशात घालून मोकळे झाले.

पण उपाय आहेत. 'टॅव्हर्न ब्रॉलर' नावाचं एक कसब घेतलं की सरावाचा बोनस मिळायला लागतो. २०२४ च्या नव्या पुस्तकात तर ते पहिल्याच लेव्हलला घेता येतं. शिवाय जुन्या नियमात एक छान फट आहे. वस्तू एखाद्या खऱ्या शस्त्रासारखी असेल तर सूत्रधार तिला ते शस्त्रच मानू शकतो. मग खलबत्त्यातला बत्ता म्हणजे फेकायची हातोडी झाली. कोयता म्हणजे छोटी कुऱ्हाड झाला, लगेच सहाबाजू फासा! पहारीला भाला मानावं की नाही यावर आमच्याकडे दोन रात्री वाद झाला. (पहार ६० फूट फेकणारा माणूस मी पाहिलेला नाही. पण ड्रॅगन चालतो, तर हेही चालवून घ्या.)

खरी अडचण इजेची नाहीच. ती पुरवठ्याची आहे. पाचव्या लेव्हलला फायटरला एका पाळीत दोन वार मिळतात, अकराव्याला तीन, विसाव्याला चार. पण एका पाळीत फुकटात एकच वस्तू उचलता येते. दोन्ही हातांत वस्तू घेऊन सुरुवात केली तर पहिल्या पाळीत दोन्ही फेकून होतात, आणि पुढे प्रत्येक पाळीला एकच. दुसरा वार रिकाम्या हाताने करायचा. २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये फेकणाऱ्यांसाठी एक खास शैली दिली आहे, फेकता फेकता पुढचं शस्त्र उपसता येतं. पण ती फेकण्यासाठीच असलेल्या शस्त्रांना लागू. कळशीला नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर एवढा घाटा सोसून हा फायटर घ्यायचा कशाला? कारण तलवारवाल्याला खोलीशी काही देणंघेणं नसतं. गुहा असो, राजवाडा असो, तो एकच वाक्य म्हणतो, "मी मारतो." फेकणाऱ्याला मात्र आधी विचारावं लागतं, "इथे काय काय आहे?" आणि सूत्रधाराला ते सांगावं लागतं. तसा हा गडी आपल्याला परकाही नाही. धनुष्य गेलं, तलवार गेली, रथ मोडला, तेव्हा अभिमन्यूने रथाचं चाक उचललं होतं. भीम उपकीचकांवर झाड उपटून धावला. वानरसेना तर अख्खीच्या अख्खी याच 'बिल्ड'ची.

चिंचपोकळी निवडली कारण माझं आजोळ तिथलं. मध्य रेल्वेवर भायखळा आणि करी रोड यांच्या मधलं स्टेशन. बाहेरच्यांना ते 'चिंतामणी'मुळे माहीत असतं, त्या मंडळाची स्थापना १९२० ची. आमची गोष्ट १९८१ सालात घडते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्याच्या आदलं वर्ष. भोंगे वाजतायत, पाळ्या चालू आहेत. आमचा फायटर गिरणीत बदली कामगार, संध्याकाळी तालमीत जाणारा. नाव ठेवलंय बॉबिन. ड्रॅगनच्या जागी गिरणीच्या बॉयलरमध्ये राहणारं एक धूड आहे आणि त्याला पोसणारा एक सावकार.

खोलीचा नकाशा आम्ही जवळच्या ना. म. जोशी मार्गावरच्या, म्हणजे जुन्या डिलाईल रोडवरच्या, बीडीडी चाळींवरून घेतला. तिथली खोली १६० चौरस फुटांची. खेळातला एक चौकोन पाच फूट बाय पाच फूट, म्हणजे २५ चौरस फूट. भागाकार करा. सहा चौकोन आणि वर थोडी मोरी! त्यात आठ माणसं झोपतात. २० फुटांचा पल्ला खोलीत मावतच नाही, वस्तू दारातून गॅलरीत जाते. पुस्तकातल्या कुठल्याही गुहेत आम्हाला एवढी अडचणीची लढाई मिळाली नव्हती.

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांची इथे खरी परीक्षा झाली. इंग्रजीत 'पॉट' म्हटलं की काम भागतं. इथे सूत्रधार विचारतो, कोणता? कळशी, घागर, हंडा, तांब्या, गडू? प्रत्येकाचं वजन वेगळं आणि धरायची जागाही वेगळी. कळशीला गळा असतो, एका हाताने फिरवून सोडता येते. हंड्याला दोन्ही हात लागतात. पोळपाट सपाट जातो, उलथनं गरगरत जातं आणि कुठे लागेल ते त्यालाच ठाऊक. सुट्टीत आजीला विचारून मी भांड्यांची यादी करून आणली, तेव्हा तिला वाटलं की मुलगा आता स्वयंपाक शिकणार!

आणि मग तो प्रश्न आला, जो मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बॉबिनने पहिल्याच मारामारीत शेजारच्या दारातली कळशी उचलून सावकाराच्या माणसाला फेकून मारली. वीसबाजू फाशावर अठरा. टाळ्या! सूत्रधार शांतपणे म्हणाला, "कळशी भरलेली होती. नळ पहाटे येऊन गेला. आता त्या घरात पाणी नाही."

पुस्तकातल्या दारूच्या गुत्त्यात स्टुलं मोडतात, मडकी फुटतात, पण त्यांचे पैसे कोण भरणार हे कुणी विचारत नाही. चाळीच्या खोलीत बेवारस वस्तू नसतेच. भांड्यावर नाव घातलेलं असतं, पुष्कळदा लग्नाची तारीखही. तलवार फायटरची असते. कळशी शेजारच्या मावशींची असते. म्हणून मी मांडलेला पहिला नियम असा: फेकलेल्या प्रत्येक वस्तूची वहीत नोंद करायची. कुणाची, कुठे पडली, काय झालं, परत केली का. नेम चुकला तर वस्तू हवेत विरत नाही. ती कुठे गेली हे सूत्रधाराने सांगितलंच पाहिजे.

दुसरा नियम उंचीचा आहे, आणि त्यावर जास्त भांडण झालं. खेळ ज्या महिन्यात अमेरिकेत विक्रीला आला, त्याच महिन्यात, जानेवारी १९७४ मध्ये, वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली होती. ५ जानेवारीच्या दलित पँथरच्या सभेपासून तिची सुरुवात झाली. १० जानेवारीला पँथरचा मोर्चा निघाला, त्यात परळला भागवत जाधव या कार्यकर्त्याच्या डोक्यात वरून टाकलेला दळण-वाटणाचा दगड पडला आणि त्यांचा मृत्यू झाला. घरातली वस्तू. आमच्या पुस्तकाच्या हिशेबाने चारबाजू फासा, सरासरी अडीच.

आपण इंजिनिअर होणार आहोत, तर आकडे मांडू. १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू ताशी १०० किलोमीटरने फेकला तर त्यात साधारण ६२ ज्यूल ऊर्जा असते. दीड किलोची अर्धी वीट सेकंदाला १० मीटरने फेकली तर ७५ ज्यूल. म्हणजे हाताने फेकलेल्या दोन अगदी वेगळ्या वस्तूंत फार फरक पडत नाही, आणि सगळ्यांना एकच फासा देणारा नियम वाटतो तितका वेडगळ नाही. आता दहा किलोचा पाटा तिसऱ्या मजल्यावरून, समजा नऊ मीटरवरून, नुसता सोडून द्या. ८८२ ज्यूल. ताकद लागत नाही, सराव लागत नाही, कसबही लागत नाही. कठड्यापर्यंत सरकवला की झालं. त्यामुळे आमच्या टेबलावर वरून टाकलेल्या जड वस्तूला चारबाजू फासा चालत नाही. माणूस तीस फुटांवरून पडला तर पुस्तक सहाबाजू तीन फासे देतं, निदान तेवढे टाकायचे. आणि टाकण्याआधी खाली चौकात कोण कोण उभं आहे, हे सूत्रधाराने एकेकाचं सांगायचं. ते ऐकूनही टाकायचं असेल तर टाका. आजवर कुणी टाकलेलं नाही.

सिनियर मंडळींचा आक्षेप ठरलेला. "अरे, खेळ आहे. त्याचीही जर्नल लिहायची का? आठवडाभर लिहितोच की." यावर माझं उत्तर सोपं आहे. धनुष्यवाल्याचे बाण तुम्ही मोजताच ना? लढाई संपल्यावर मिनिटभर शोधलं तर निम्मे बाण परत मिळतात, असा नियम पुस्तकातच छापलेला आहे. बाणाचा हिशेब चालतो, मग कळशीचा का नाही? बाण कुणाच्या घरचा नसतो म्हणून?

दुसरा आक्षेप एका मित्राने घेतला आणि तो मी हलक्याने घेत नाही. तो म्हणाला, खरी माणसं जिथे मेली ती गोष्ट फाशांच्या टेबलावर आणूच नये. मला ते निम्मं पटतं. म्हणून आमच्या खेळात दंगलीचा प्रसंग नाही, १९७४ नाही, खऱ्या माणसांची नावं नाहीत. पण चाळ ठेवायची, गच्ची ठेवायची आणि गच्चीवरून पडणारा दगड मात्र अडीच पॉइंटचा करून ठेवायचा, हे मला त्याहून वाईट वाटतं.

आता तो पुरवठ्याचा मुद्दा. दोन वार आणि एकच वस्तू, हे कोडं वहीनेच सोडवलं. नियम असा बसला: वहीत ज्या घरची नोंद फिटलेली असेल, त्या घरातलं माणूस जवळ असेल तर पाळीत एकदा बॉबिनच्या हातात एक वस्तू देतं, आणि ती 'उचलण्यात' मोजायची नाही. कळशी परत मिळाल्यावर मावशी पुढच्या मारामारीत दारात उभ्या राहिल्या आणि वरवंटा पुढे करून म्हणाल्या, "घे रे, पण आणून दे हं." दोन्ही वार भरले! तलवारवाले सिनियर तेव्हा पहिल्यांदा वाकून नकाशा बघायला लागले. त्यांना हिशेब लगेच कळला. ज्या मजल्यावर बॉबिनची उधारी नाही, तिथे तो पुस्तकातल्या कुठल्याही फेकणाऱ्यापेक्षा वरचढ आहे. दुसऱ्या मजल्यावर मात्र त्याने एक स्टूल आणि बत्ता बुडवलाय. तिथे दारं बंद असतात.

सध्या वहीत अकरा नोंदी आहेत, सात फिटलेल्या. कळशीला आलेला पोचा अजून काढून द्यायचा राहिलाय. पुढच्या शनिवारी, मेस झाल्यावर, बॉबिन तांबट शोधायला निघेल आणि वाटेत सावकाराची माणसं असणारच. टेबलावर एक खुर्ची रिकामी आहे. फासे आमच्याकडे आहेत, मॅगी ज्याची त्याने आणावी.